तेरा-गारगोटीची मुलगी

१

पहाटेचा शंख फुंकून संपला आणि त्यानंतर सात श्वास गेले, तेव्हा नेकावालला मुलगी झाली. ते सात श्वास तिनं स्वतः मोजले होते. सुईण शोको म्हणाली होती, कळ आली की श्वास मोज, जीव धीर धरतो. देवळावरचा शंख थांबला तिथून नेकावालनं पुन्हा एकपासून मोजायला घेतलं, आणि सातव्याला पोर शोकोच्या हातात पडली.

शंखाच्या आधीचा दिवस होता तेरा-गारगोटी. शंखानंतर लागला एक-पाऊस. तळ्याकाठच्या वस्तीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. दिवसांची मोजणी तेरावर संपून पुन्हा एकपासून लागते, म्हणून तेरा म्हणजे भरलेला आकडा. त्या दिवशी जन्मलेलं माणूस पिकून, नातवंडांच्या गराड्यात मरतं. एक-पाऊसचं तसं नाही. बाळंतपणात मेलेल्या बायका त्या दिवशी खाली उतरतात आणि तिठ्यावर उभ्या राहून दुसऱ्यांची पोरं बघतात. म्हणून त्या दिवशी पोरांना घरात कोंडून दारावरची चटई सोडतात. आणि त्याच दिवशी जे मूल जन्मतं त्याच्याविषयी तर लोक हळू आवाजात बोलतात. त्याची नजर बाधते म्हणतात. ते दुसऱ्याचं रूप घेतं म्हणतात.

सासू, तेयाकापान, अंगणातल्या वाफेच्या कोठडीत बाळंतिणीसाठी जाळ करत होती. ओल्या लाकडांच्या तडतडीत तिला शंखाचा अंदाज राहिला नव्हता. पोरीचं रडणं ऐकून ती धुरानं डोळे पुसत आत आली. मुलगी का मुलगा हे तिनं नंतर विचारलं. आधी विचारलं, "शंखाच्या आधी, का नंतर?"

"आधी," नेकावाल म्हणाली.

शोको नाळ कापत होती. तिच्या हातातलं काचदगडाचं पातं थांबलं. तिनं मान वर करून नेकावालकडे बघितलं, मग पुन्हा खाली घातली आणि नाळ कापली. मुलीची नाळ चुलीपाशी पुरतात. ती पाट्याच्या बाजूला पुरली गेली, माती थापली गेली, आणि सासू बाहेर जाऊन शेजाऱ्यांना सांगू लागली की नात तेरा-गारगोटीची आहे, काठावर का होईना पण तेराची.

२

नेकावाल खोटं का बोलली, तर तिला एक थोरली बहीण होती.

थोरली एक-पाऊसची. माहेरच्या वस्तीत तिच्या घरचा विस्तव कुणी मागायला येत नसे. कुणाची मक्याची कणसं काळी पडली, कुणाचं मूल वाकड्या तोंडाचं झालं, की लोक तिच्या झोपडीकडे बघत. पोरं तिला चिखल मारत. नेकावालही त्या पोरांत होती. आपण हिची बहीण आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती सगळ्यांत जोरात मारायची. एकदा गोळा थोरलीच्या गालावर बसला. तिनं वळून बघितलं, गाल पुसला आणि म्हणाली, "नेम चांगला आहे तुझा." एवढंच. मग एका वर्षी थोरली दिसेनाशी झाली. कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. नेकावालनंही नाही. लग्न होऊन इकडे आल्यावर तिनं सासरी सांगितलं, आम्ही दोघंच, मी आणि माझा भाऊ.

आता पोटची पोरगीच त्या दिवशी आली होती. रक्तातच आहे म्हणतील, ही भीती.

दिवस वाचणाऱ्या म्हाताऱ्याला वस्तीत सगळे पोथीवाले आजोबा म्हणत. ते त्याच दिवशी आले. सासूनं टर्कीचं मटण आणि मक्याच्या गरम भाकरी पुढे ठेवल्या. त्यांनी झाडाच्या सालीची घडीची पोथी उलगडली. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी आईला तीनदा विचारलं, तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं. शंख ऐकलास तेव्हा पोर पोटात होती का हातात? शंख वाजताना रडणं ऐकलंस? पहिलं रडणं आणि शंख, यात कोण पुढे?

नेकावालनं तीनदा उत्तर दिलं. तिसऱ्या वेळी तिला स्वतःलाच ते खरं वाटलं.

आजोबा खूश झाले. म्हणाले, नाव ठेवायचं न्हाणं तीन-मगरला करू, चांगला दिवस आहे. त्या दिवशी सूर्य वर येताना अंगणात पाणी ठेवलं. छोटा झाडू, छोटी टोपली, सूत कातायची छोटी चाती ठेवली. नेकावालनं घायपाताच्या वाखाचा वीतभर परकर विणला होता, तो बाजूला घडी करून ठेवला. आजोबांनी पाणी पोरीच्या ओठाला, छातीला, डोक्याला लावलं, आणि तेरा-गारगोटीला जन्मलेल्या मुलीला शोभेल असं नाव ठेवलं. वस्तीतली मुलं भाजलेला मका खात, ते नाव ओरडत, कालव्याच्या काठानं लांबवर गेली.

ते नाव या गोष्टीत येणार नाही. विसरलेलं नाही. का येणार नाही ते पुढे कळेल.

३

पोरगी गोरीगोमटी नव्हती, पण धट्टीकट्टी होती. दूध ओढायची, चिमटे काढायची, केस धरायची. प्रत्येक दिवस दोनशे साठ दिवसांनी फिरून येतो, तसा एक-पाऊस पहिल्यांदा फिरून आला तेव्हा ती रांगत होती. सगळ्यांसारखं तिलाही घरात ठेवलं. काही झालं नाही. नेकावालला वाटलं, सुटलो.

फक्त एक होतं. पोरगी नावाला ओ देत नव्हती.

सुरुवातीला कोण लक्ष देतं? पण शेजारची तिच्याच वयाची पोरं हाक मारली की वळत, हसत. ही वळायची नाही. नेकावाल मागे उभी राहून नाव घ्यायची, दहादा घ्यायची. पोर समोरच्या मुंगीकडे बघत बसायची. बहिरी म्हणावी तर तसंही नव्हतं. टाळी वाजवली की दचकायची. कालव्यातून बापाच्या होडीची काठी खडकली की हात पसरायची. "ए ठमे" म्हटलं तरी वळायची. नावाला मात्र नाही. जसं काही दुसऱ्याच कुणाला बोलावतायत.

"बहिरी नाही, शहाणी आहे," सासू म्हणायची. "तुझंच ऐकत नाही एवढंच. माझं ऐकेल बघ."

नवरा, तोतोल, दिवसभर पाण्यातल्या वाफ्यांवर गाळ ओढून यायचा. तो म्हणायचा, मी पण लहानपणी असाच होतो, आई सांगते, मला जेवायला बोलावलं तरच ऐकू यायचं.

सासू ते नाव दिवसातून शंभरदा घ्यायची. तिच्या डोळ्यांत फूल पडत चाललं होतं, उजेड-अंधारापलीकडे फार दिसत नव्हतं. दिसत नाही त्याला हाकेचाच आधार. सकाळी हाक, भाकरीला हाक, ऊन उतरलं की हाक. वस्तीतल्या बायकाही होडीतून जाता-येता त्याच नावानं विचारपूस करायच्या.

४

दुसऱ्यांदा एक-पाऊस येऊन गेला, त्यानंतरच्या एका दुपारची गोष्ट. नेकावाल पाट्यावर भिजवलेला मका वाटत होती. पोरगी तिच्या पाठीला टेकून, तिच्या वेणीचं टोक चोखत बसली होती. बाहेर काठावरून सासूनं नातीला नावानं हाक मारली.

"ओ," कुणीतरी म्हणालं.

वाटता वाटता नेकावालचा हात थांबला. आवाज लहान मुलाचा होता. तो वाफेच्या कोठडीकडून आला होता. कोठडी त्या दिवशी थंड होती, तिच्या बुटक्या तोंडाशी सरपण रचलेलं होतं. पाठीला पोरीचा ऊबदार भार होता तसाच होता.

तिनं स्वतःला समजावलं. पाण्यावरून आवाज कुठून कुठे जातो. पलीकडच्या वाफ्यावरची कुणी पोर असेल. सासूनंच हाक मारून सासूनंच ओ दिली असेल, म्हातारी माणसं करतात असं. ती उठून कोठडीपर्यंत गेली. सरपण जागच्या जागी होतं. वरच्या फांद्यांवर कोळ्याचं जाळं होतं आणि ते तुटलेलं नव्हतं. हे बघून तिला बरं वाटायला हवं होतं.

परत येऊन तिनं पुन्हा वरवंटा हातात घेतला. मग तिच्या लक्षात आलं की पुन्हा पाठीला येऊन टेकलेल्या पोरीनं वेणी दातांत घट्ट धरून ठेवली होती.

त्यानंतर असं अधूनमधून होत राहिलं. कधी छपराच्या गवताखालून, कधी टोपल्यांच्या मागून, एक छोटीशी ओ. कधी पाट्यापाशी, चुलीच्या बाजूला, जिथे माती थापलेली होती तिथून. नेकावाल प्रत्येक वेळी कारण शोधायची आणि प्रत्येक वेळी तिला सापडायचंही.

५

पोरगी दोन वर्षांची होऊन वर काही महिने झाले तेव्हा नेकावाल तिला पाठीला बांधून तोतोलबरोबर पहाटे मिरच्या तोडायला गेली. उन्हं वर आल्यावर परतली. सासू दारात चटईवर बसली होती, चेहरा उन्हाकडे करून.

"अगं, हिला आता अर्धी भाकरी पुरत नाही हं," सासू म्हणाली. "दोनदा मागून घेतली."

"कुणाला आई?"

"कुणाला म्हणजे? ही काय, आत्तापर्यंत माझ्यापाशीच तर बसली होती. तुझी चाहूल लागली आणि उठून गेली. तू रागावतेस तिच्यावर सारखी."

नेकावाल म्हणाली की पोर माझ्या पाठीवर आहे, पहाटेपासून आहे.

"मला दिसत नाही म्हणून थट्टा करतेस होय," सासू हसली. "करा बाई. पण एक सांगते, माझ्याकडे एका हाकेत येते. तुला जमलं नाही ते मला जमलं. हात तेवढे गार असतात पोरीचे. पाण्यात खेळू देऊ नकोस."

सासूच्या शेजारी चटईवर एक ओली खूण होती, लहान मूल मांडी घालून बसेल एवढी. तिच्या बाजूला न्हाण्याच्या दिवशीची छोटी चाती पडली होती. ती चाती भिंतीवर उंच खुंटीला लावलेली असायची. आता तिच्यावर सूत गुंडाळलेलं होतं. बारीक, एकसारखं, कुठे गाठ नाही. अडीच वर्षांची पोर काय, वस्तीतल्या थोर बायकांनाही असं सूत जमत नव्हतं.

नेकावालनं ते बोटांत धरलं. आधी तिला भीती वाटायला हवी होती. पण आधी तिच्या मनात आलं, किती छान कातते. मग पाठीवरची पोर कण्हली आणि ती भानावर आली. लाजेनं तिचे कान तापले.

६

ती आधी सुईणीकडे गेली. शोको वेत सोलत बसली होती. नेकावालनं काही सांगायच्या आत ती म्हणाली, "सात श्वास. मी पण मोजले होते."

"मग बोलला का नाहीत मावशी?"

"तू आई. आईच्या तोंडापुढे मी कशाला तोंड घालू, असं वाटलं तेव्हा. नंतर बोलायची लाज वाटली." शोकोनं सोललेला वेत बाजूला ठेवला. "पोथीवाल्याकडे जा. मला बरोबर चल म्हणू नकोस. माझ्याच्यानं त्याच्या डोळ्याला डोळा देववणार नाही."

आजोबा सावलीत बसून लाल रंग खलत होते. नेकावाल त्यांच्यापुढे जमिनीला हात लावून बसली आणि सगळं बोलून गेली. शंख, सात श्वास, थोरली, चिखल. बोलताना ती त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"न्हाणं कधी केलं आपण?" त्यांनी विचारलं.

"तीन-मगरला."

"एक-पाऊसचं पोर आम्ही कधी न्हाऊ घालतो, ठाऊक आहे?"

नेकावालनं नाही अशी मान हलवली.

"तीन-मगरलाच. वाईट दिवशी आलेल्याला चांगल्या दिवशी न्हाऊ घालायचं, म्हणजे दिवस निवतो. वाईट दिवसावर तोडगा असतो पोरी. तोच दिवस होता, तेच पाणी. मी फक्त तिच्या कानात वेगळे शब्द बोललो असतो."

 मग तिनं विचारलं की हाकेला येते ती कोण.

आजोबांनी पोथीची घडी घालायला घेतली, उलगडलीच नव्हती तरी. "मी तेरा-गारगोटीच्या मुलीला नाव दिलं. तुझ्या हातातली पोर ती नव्हती. मग ते नाव कुणाला जाऊन लागलं, हे मला विचारू नकोस. मी म्हातारा माणूस आहे. एकटा झोपतो."

त्यांनी एवढंच सांगितलं. येत्या एक-पाऊसचा शंख व्हायच्या आत, चुलीपाशी, सासूच्या आणि नवऱ्याच्या देखत खरं काय ते मोठ्यानं बोल. आणि आजपासून ते नाव बंद.

७

एक-पाऊसला चाळीस दिवस होते. नेकावालनं ठरवलं, उद्या सांगू. उद्या सासूची पाठ दुखत होती. परवा तोतोलचा चुलता जेवायला आला. मग मिरच्या वाळवायच्या होत्या. सासू शेजारणीला सांगत होती, माझी नात तेराची, कातायला बसली तर बघत राहावं. त्या तोंडापुढे काय बोलायचं? नेकावाल स्वतः ते नाव घेत नव्हती. पण सासू घेत होती, आणि सासूला ती अडवत नव्हती.

आणि एक गोष्ट तिनं पुढे चुलीपाशीही सांगितली नाही, फार नंतर सांगितली.

एका दुपारी तिची पोर हट्टाला पेटली होती. पेजेचं मडकं तिनं लाथेनं उपडं केलं, आईच्या हाताला चावली, शेवटी रडून रडून झोपली. नेकावाल हात चोळत भिंतीला टेकून बसली. घरात कुणी नव्हतं. तिनं अगदी हळू, ओठातल्या ओठात, ते नाव घेतलं.

"ओ आई," बोरूच्या भिंतीपलीकडून आवाज आला. फार गोड आला. तिची पोर तिला कधी असं आई म्हणाली नव्हती.

तिनं पुन्हा हाक मारली.

"ओ आई."

तिसऱ्यांदाही मारली. आता आवाज भिंतीच्या अलीकडे होता.

झोपलेली पोर तेव्हा झोपलेली नव्हती. डोळे उघडे ठेवून आईकडे बघत पडली होती.

८

तेरा-गारगोटीचा दिवस मावळला तरी नेकावाल बोलली नव्हती. पहाटेपर्यंत वेळ आहे, ती म्हणाली. पहाटे ती उठली, चुलीपाशी बसली, सासू उठली, तोतोल उठला, आणि तिनं तोंड उघडलं तर त्यातून निघालं, सरपण ओलं आहे. मग शंख झाला.

एक-पाऊस लागला. तोतोलनं दारावरची चटई सोडून खालच्या टोकाला दगड ठेवले आणि तो देवळाकडे गेला. वस्तीतली सगळी पोरं घराघरांत बंद होती. कालव्यात एक होडी हलत नव्हती. भर दुपारी घरात संध्याकाळ झाल्यासारखा उजेड होता. पोरगी नेकावालच्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. सासूला तिची चाहूल लागेना, म्हणून तिनं रोजच्यासारखी नावानं हाक मारली.

"ओ आजी," बाहेरून आलं. चटईच्या अगदी पलीकडून.

सासूचा चेहरा उतरला. "अगं, पोर बाहेर?"

"मला आत घे ना आजी," बाहेरचा आवाज म्हणाला. रडवेला नव्हता, शहाण्या मुलीसारखा होता. "आज पोरांनी बाहेर राहायचं नसतं."

सासू चाचपडत उठली. नेकावालला बोलायचं होतं. आई, थांबा, एवढंही निघेना. लाज अशी असते. जीव जायची वेळ आली तरी ती जीभ सोडत नाही. सासूनं पायानं दगड बाजूला सारला आणि चटईचं टोक हातभर वर उचललं.

बाहेरच्या उन्हात दोन छोटी पावलं उभी होती. स्वच्छ, ओली, आत्ता न्हाऊ घातल्यासारखी. त्यांच्यावर घायपाताच्या वाखाचा परकर होता. नेकावालनं वीण ओळखली. वीतभर विणलेला तो परकर आता घोट्यापर्यंत आला होता. एक छोटा हात खाली आला आणि सासूच्या बोटांशी टेकला.

त्या पावलांच्या मागे आणखी पावलं होती. मोठी, बायकांची. बाळंतिणीची सुजलेली असतात तशी. बऱ्याच जणी होत्या आणि त्या वाट बघत होत्या.

मांडीतली पोर तेव्हा म्हणाली, "आई, मी आहे ना." कुठलंच नाव नसलेल्या त्या पोरीनं एवढंच म्हटलं.

"आई, चटई सोडा," नेकावाल म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "माझी पोर माझ्या मांडीवर आहे. ती एक-पाऊसची आहे. शंख संपल्यावर सात श्वासांनी झाली. मी तुमच्याशी खोटं बोलले, आजोबांशी तीनदा बोलले. माझी थोरली बहीणही एक-पाऊसची होती. मला बहीण होती. मी तिला चिखल मारला."

सासू तशीच वाकून उभी राहिली. गार बोटं तिच्या बोटांत होती.

"मग ही कोण?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही. आपण बोलावलेली आहे."

"आजी?" बाहेरून आलं.

सासूनं डोळे मिटले, त्यातून काही दिसत नव्हतं तरी मिटले, आणि हात मागे घेतला. चटई खाली पडली.

ऊन उतरेपर्यंत ते रडणं घराभोवती फिरत होतं. कोठडीपाशी गेलं, टोपल्यांच्या भिंतीमागे गेलं, पाट्याच्या बाजूच्या मातीखालीही थोडा वेळ होतं. हट्टी पोरासारखं नव्हतं ते. कुणाला त्रास होऊ नये म्हणून शहाणी मुलं रडतात, तसं होतं. सासूही तिच्यासाठी रडली, आणि नेकावाल तिला रडू नका म्हणाली नाही.

९

दोन दिवसांनी तीन-मगर होता. आजोबांनी पुन्हा पाणी ठेवलं. या वेळी वस्तीतलं कुणी आलं नाही, शोको तेवढी आली आणि लांब उभी राहिली. आजोबांनी पोरीच्या कानात काय ते शब्द सांगितले आणि तिचं नाव कियाव ठेवलं, म्हणजे पाऊसच, लपवाछपवी नाही. तोतोलनं लांबून हाक मारली, "कियाव." पोरीनं मान वळवून बापाकडे बघितलं. तिच्या आयुष्यात ती पहिल्यांदा नावाला वळली. तोतोलला पुढे हाक मारवली नाही.

सासू महिनाभर सुनेशी बोलली नाही. मग एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "सात श्वास. एवढ्यासाठी." आणि अर्धी भाकरी कियावच्या हातावर ठेवली.

आता त्यांच्या घरचा विस्तव कुणी मागायला येत नाही. एकदा बाहेर खेळणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी मारलेला चिखलाचा गोळा चटईवर येऊन बसला. नेकावाल बाहेर गेली, चटई पुसली. पोरं पळाली नाहीत, बघत उभी राहिली. "नेम चांगला आहे," ती त्यांना म्हणाली आणि आत येऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसली.

पण नाव राहिलंच. तीन वर्षं साऱ्या वस्तीच्या तोंडात बसलेलं नाव. सवयीनं कुणीतरी घेतंच, आणि पलीकडच्या काठावर, वाळुंजांच्या झाडांखाली, कुणीतरी उठून उभं राहतं. आता ती थोडी उंच झाली आहे म्हणतात. म्हणून नेकावाल कियावला पुढ्यात बसवून होडीनं एकेक वस्ती करते. बायका पाण्यावर आल्या की ती मान खाली घालून आपण काय केलं ते पहिल्यापासून सांगते. तिला लाज वाटते, दर वेळी तेवढीच वाटते, तरी सांगते.

तुमच्या घाटावर ती अजून आली नसेल, तर हे तिच्या वतीनं ऐका. पोर ज्या घडीला झाली ती घडी खरी सांगा, दिवस कसाही असो, त्याच्यावर उपाय असतो. आधीच खोटं सांगून बसला असाल तर आज चुलीपाशी जा. आणि नेकावालच्या पोरीचं जुनं नाव कुणाला ठाऊक असेल, तर ते थट्टेतही घेऊ नका, झोपेत घेणारं घरात कुणी असेल तर त्याला हलवून जागं करा. ती गुणी मुलगी आहे, एका हाकेत येते. तेवढं पुढच्या वस्तीत सांगा, बायांनो.